साप्ताहिक सुट्टी म्हणजे कोणता वार

सत्तावीस वर्षं मी कारखान्यात कामाच्या सूचना लिहितो आहे. मशीन कसं सुरू करायचं, साचा कसा बसवायचा, हातमोजे कोणते घालायचे, असलं सगळं. चाकणच्या आमच्या कारखान्यात अॅल्युमिनियम वितळवून गाड्यांचे भाग ओततात. प्रत्येक मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एक मराठी पान लटकलेलं असतं. त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात 'तयार केले' असं छापलेलं असतं आणि त्यापुढे माझी सही. अशी पानं सध्या तीनशे अठरा आहेत. ती कोणी वाचतं का, हे स्वतःला विचारायचं मी पंधरा वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. नवा कामगार आला की तो शेजारच्याला विचारून शिकतो आणि पानावर शिकल्याची सही करतो. मीही तसाच शिकलो होतो, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

गेल्या वर्षी वाकडहून एक इंजिनिअर आमच्याकडे येऊ लागला. आठवड्यातले तीन दिवस, पाठीवर लॅपटॉप, वय तिशीच्या आतबाहेर. एकदा चहाच्या वेळी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, अकरा टूलचं डॉक्युमेंटेशन तुमच्याकडून करून घ्यायला सांगितलंय. मी त्याला टूल रूमचा रस्ता दाखवला. आमच्या टूल रूमच्या रजिस्टरात सहाशे चाळीस नोंदी आहेत, ड्रिल, कटर, टॅप, रीमर. त्यातली नेमकी कोणती अकरा, असं मी विचारलं तेव्हा त्याला हसू आवरेना.

मग त्याने समजावून सांगितलं. आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर चार मोठे स्क्रीन आहेत. त्यांवर कारखान्यातली दोनशे बारा रीडिंग सतत दिसतात. भट्ट्यांचं तापमान, थंड पाण्याचा प्रवाह, हवेचा दाब वगैरे. यालाच डॅशबोर्ड म्हणतात. रीडिंग ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की अलार्म होतो आणि फोन लागतो. हे डॅशबोर्ड आता एक एजंट सांभाळणार होता. एजंट म्हणजे माणूस नाही, एक प्रोग्राम. त्याला साध्या भाषेत सांगितलेलं कळतं आणि काय करायचं ते तो स्वतः ठरवतो. पण करता येण्यासारख्या गोष्टी मात्र ठरलेल्या अकराच. रीडिंग दाखवणं, आलेख काढणं, अलार्म काही तास म्यूट करणं, तो पुन्हा चालू करणं, ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावणं, अशा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक टूल. प्रत्येक टूलचं एक पान लिहायचं होतं. हे काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा वापरायचं नाही.

"आणि तो ते पान वाचतो?" मी विचारलं.

"दर वेळी, सर. कामाला हात घालायच्या आधी. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

मी चहाचा कप खाली ठेवला. सत्तावीस वर्षांत असा वाचणारा मला भेटला नव्हता.

पान इंग्रजीत हवं का, हेही मी विचारून घेतलं. तो म्हणाला, एजंटला दोन्ही चालतात. आमच्याकडे नियम असा की कामाची सूचना मशीनवरच्या माणसाला वाचता आली पाहिजे, त्यामुळे मराठी ठरली. त्या दिवशी संध्याकाळी चिखलीला घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी पहिल्या तीन पानांचा मजकूर मनात जुळवला होता. बायको दार उघडते तोच मी तिला सांगितलं की माझं मराठी वाचून आता यंत्र काम करणार. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, आधी तुमचं अक्षर तरी वाचू दे त्याला. टाइप करणार आहे, असं मी सांगितलं तेव्हा कुठे ती हो म्हणाली.

पण ही पानं मला एवढी महत्त्वाची वाटायला लागली त्याचं कारण निराळं होतं. ते कारण कंट्रोल रूममध्ये बसत होतं.

आमच्या कंट्रोल रूमच्या मॅडम लातूरकडच्या. वय अडतीस, डिप्लोमा झालेला, दहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या. दोनशे बारापैकी कोणतं रीडिंग खरं ओरडतंय आणि कोणतं उगाच, हे त्यांना आवाजावरून कळतं, असं लोक म्हणतात. त्यामुळेच सगळे अलार्म त्यांच्या एकटीच्या फोनवर जोडलेले होते. कामाच्या दिवशी ठीक. पण गुरुवारी कारखाना बंद असतो. मशीन थांबलं की पाण्याचा प्रवाह शून्य, दाब शून्य, आणि शून्य म्हणजे मर्यादेबाहेर. मग फोन. फोन आला की त्यांनी लॉगिन करून बघायचं, उगाचचा असेल तर बंद करायचा, खरा असेल तर ड्यूटीवरच्या फिटरला कळवायचं. एका गुरुवारचे फोन त्यांनी मला मोजून दाखवले होते. अडतीस.

आणि गुरुवारीच त्यांचा वर्ग होता. ताथवड्याच्या एका कॉलेजात नोकरदारांसाठी डिग्रीचा वर्ग गुरुवारी दिवसभर भरतो. त्यांचं शेवटचं वर्ष होतं. हजेरी सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा घेतात, दोन्ही लागल्या तरच दिवस धरतात. अख्ख्या सत्रात वीस गुरुवार, त्यांतले पंधरा भरले पाहिजेत, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. माझी पानं तयार झाली तेव्हा अकरा गुरुवार होऊन गेले होते आणि त्यांचे सात भरले होते. उरलेल्या नऊपैकी आठ हवे होते. म्हणजे एक चुकवता येणार होता, दोन नाही.

"सर, मास्तर शिकवायलेत आन् फोन वाजायलाय," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "बाहेर गेले की मागं हजेरी होऊन जाती. लेकरं पन असं करत नसतील."

एजंटची दोन गुरुवार चाचणी होणार होती; त्यांतला एक जरी त्याने नीट सांभाळला तर गुरुवारचा फोन मॅडमकडून काढून घेऊ, असं मॅनेजरसाहेबांनी कबूल केलं होतं. अट अशी की मॅडमना एकही फुकटचा फोन जाता कामा नये, आणि खरा अलार्म पाच मिनिटांत फिटरपर्यंत पोचला पाहिजे. जमलं नाही तर पुढच्या आर्थिक वर्षात बघू. पुढच्या आर्थिक वर्षाचा मॅडमना काही उपयोग नव्हता.

मी आठ दिवसांत अकरा पानं लिहिली. फार मजेचे आठ दिवस. पहिल्याच पानात मला माझी जुनी खोड सापडली. मी लिहिलं होतं, 'गरजेनुसार अलार्म म्यूट करावा.' इंजिनिअरने विचारलं, गरज कुणाची? मग मी माझी जुनी पानं काढून बसलो आणि पहिल्या शंभरांत 'गरजेनुसार' किती वेळा आलंय ते मोजलं. एकशे सात वेळा. 'योग्य ती कारवाई करावी' बेचाळीस वेळा. म्हणजे जिथे मला माहीत नव्हतं तिथे मी हे शब्द टाकून पुढे गेलो होतो, आणि माणसं शेजारच्याला विचारून ते निभावून नेत होती. एजंटच्या शेजारी कुणी नव्हतं. मी अकराही पानांतून ते दोन्ही वाक्प्रयोग काढून टाकले. जिथे आकडा टाकता येईल तिथे आकडा टाकला. भट्टी सहाशे ऐंशी अंशांवर ठेवतात, सहाशे साठच्या खाली गेली की फोन. हवेचा दाब साडेपाचच्या खाली गेला की फोन. प्रत्येक आकडा जागेवर जाऊन मीटरवर पाहून लिहिला.

बुधवारी संध्याकाळी एजंट चालू झाला. मी निर्धास्त होतो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मॅडमचा फोन आला. मी घरी पेपर वाचत होतो. मागे कॉलेजचा कॉरिडॉर असावा, आवाज घुमत होता. नऊपासून चौदा फोन आले, त्या वर्गाबाहेर उभ्या आहेत, सकाळची हजेरी गेली, असं त्यांनी सांगितलं. रागावल्या नव्हत्या. नुसतं कळवत होत्या, जसं कंट्रोल रूममधून कळवतात.

मी इंजिनिअरला फोन लावला. त्याने एजंटची नोंद उघडून वाचली. मग म्हणाला, "सर, एजंट चुकलेला नाही. त्याने लिहिलंय, आज गुरुवार, कामाचा दिवस. लाईनचे अलार्म चालू ठेवले. साप्ताहिक सुट्टी रविवारी, तेव्हा म्यूट करणार."

माझं वाक्य असं होतं: 'साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लाईनचे अलार्म म्यूट करावेत.'

आमच्या पट्ट्यात हे वाक्य कुणालाही दाखवा, त्याला शंका येणार नाही. विजेचा भार वाटून घेण्यासाठी वेगवेगळ्या औद्योगिक भागांना कधीतरी वेगवेगळे वार नेमून दिले गेले, त्याला स्टॅगरिंग म्हणतात, आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. पिंपरीपासून चाकणपर्यंत गुरुवारी केशकर्तनालयांत गर्दी असते, मटणाच्या दुकानासमोर रांग असते. मुलीचा साखरपुडा गुरुवारी ठेवला की पाहुण्यांना रजा काढावी लागत नाही. आम्हाला गुरुवार हा सुट्टीचा वार आहे हे कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे लिहायचंही सुचत नाही. बाहेरच्या सगळ्या जगाची सुट्टी रविवारी असते आणि एजंट बाहेरच्या जगातून आला होता.

दुपारी बायको शाळेतून आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती पर्स खुंटीला अडकवत होती. ती तिथेच हसायला लागली.

"अहो, बावीस वर्षं झाली. या घरात कुणी नुसतं सुट्टी म्हणतं का?"

खरंच कुणी म्हणत नाही. तिची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी. लग्न झाल्यापासून आम्ही 'तुमची सुट्टी' आणि 'माझी सुट्टी' असंच बोलतो. गॅसवाल्यालासुद्धा ती विचारते, ह्यांच्या सुट्टीला येता की माझ्या? बावीस वर्षं रोज दोन सुट्ट्यांच्या घरात राहून मी पानावर एकच सुट्टी लिहिली होती. मला स्वतःचा राग आला, पण खरं सांगायचं तर त्या रागापेक्षा उत्साह जास्त होता. माझ्या लिहिण्यातली चूक इतकी स्वच्छ, इतकी बोट ठेवून दाखवता येईल अशी, आयुष्यात पहिल्यांदाच समोर आली होती. आतापर्यंत कुणीतरी ती निमूटपणे सांभाळून घेत असणार.

मॅडमचा तो गुरुवार गेला. आता उरलेले आठच्या आठ हवे होते. आणि एजंटकडे चाचणीचा एकच गुरुवार उरला होता, पुढचा.

मी वाक्य बदललं: 'साप्ताहिक सुट्टी म्हणजे गुरुवार. गुरुवारी सकाळी सातपासून शुक्रवारी सकाळी सातपर्यंत अलार्म म्यूट करावेत.' इथे थांबलो असतो तर मोठा घोटाळा झाला असता.

पण तेव्हा मला भरवसा उरला नव्हता, स्वतःवर. मी बायकोला एजंट व्हायला सांगितलं. रविवारी संध्याकाळी मी कामावरून आल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. अकरा पानं मी पत्त्यांसारखी मांडली. वीस प्रसंग एका वहीत लिहून आणले होते. मी प्रसंग वाचायचा, तिने पानांकडे बघून कोणतं टूल वापरायचं ते बोट ठेवून सांगायचं. अट अशी की डोकं चालवायचं नाही, जे लिहिलंय तेवढंच.

"डोकं चालवायचं नाही हे मला जमेल का?" ती म्हणाली. "तुमच्याकडे दिलं असतं काम तर सोपं गेलं असतं."

पहिले सात बरोबर आले. आठवा प्रसंग असा होता: गुरुवार, दुपारचे बारा, दोन नंबरच्या भट्टीचं तापमान सहाशे अठ्ठावन्न आणि उतरतंय. तिने 'म्यूट करा' या पानावर बोट ठेवलं.

"अगं, भट्टी थंड होतेय."

"असेल. इथे लिहिलंय गुरुवारी अलार्म म्यूट करा. भट्टीबिट्टी मला काय माहीत? लिहिलंय तेवढंच कर, तुम्हीच म्हणालात."

गुरुवारी मशीन बंद असतात, पण भट्ट्या कधीच बंद नसतात. आत वितळलेला धातू असतो. तो आतल्या आत गोठला तर भट्टीची मूस, म्हणजे धातू धरणारं भांडं, फुटते, काढायला आठवडा जातो. हे माहीत नसलेला माणूस कारखान्यात नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या फिटरला मी खात्री करायला विचारलं, तर त्याने माझ्याकडे काळजीने बघितलं. तो चाकणजवळच्या गावचा, शेती सांभाळून तीस वर्षं भट्ट्यांवर.

"आवो साहेब, बरं हाय ना तुमाला? गुरवारी भट्टी कोन विझवतं? आमी तर दिवाळीत बी न्हाई विझवत."

वीसपैकी सोळा. बायकोने चार चुकवले, चारही माझ्यामुळे. दोन ठिकाणी 'रीडिंग दाखवा' आणि 'आलेख काढा' यांतला फरक मी सांगितला नव्हता. चौथा ओव्हरटाइमचा. कधीकधी ऑर्डर जास्त असली की गुरुवारीही एखादी लाईन चालते, हे पानावर कुठेच नव्हतं.

सोमवार आणि मंगळवार मी यादी करत होतो. दोनशे बारा रीडिंग एकेक करून फिटरसोबत फिरून पाहिली. गुरुवारी कोणती झोपतात आणि कोणती जागी राहतात. फिटर सांगायचा, मी खूण करायचो. एकशे त्रेसष्ट झोपणारी, एकोणपन्नास जागी. यादी संपली तेव्हा तो म्हणाला, तीस वर्षं हे सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि कुणी कधी विचारलं नव्हतं. मग त्याने आपणहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. कूलिंग टॉवरचा पंप गुरुवारी मुद्दाम दोन तास बंद करून साफ करतात, आणि मागच्या कॉम्प्रेसरचा मीटर पाव पॉइंट कमी दाखवतो. दोन्ही मी आकड्यांसकट पानात घातल्या.

मंगळवारी संध्याकाळी बायकोचे वीसपैकी वीस बरोबर आले. तिने वही माझ्याकडे सरकवली आणि पहिल्या पानावर लाल पेनने शेरा दिला. शाळेत देते तसाच, गोल करून.

बुधवारी इंजिनिअरने तेच वीस प्रसंग एजंटला दिले. मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. स्क्रीनवर एकेक उत्तर उमटत होतं. भट्टीच्या प्रसंगाला एजंटने म्यूट केलं नाही, फिटरला फोन लावायचं टूल निवडलं आणि कारण लिहिलं: भट्ट्या गुरुवारीही चालू असतात. ते माझं वाक्य होतं. माझ्या पानातून घेतलेलं, योग्य जागी वापरलेलं. मी इंजिनिअरला ते पुन्हा वर सरकवून दाखवायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाचलं.

मग ओव्हरटाइमचा प्रसंग आला. मी मुद्दाम तो अर्धवट ठेवला होता, लाईन चालू की बंद ते सांगितलंच नव्हतं. एजंटने अकरावं टूल उचललं, 'माणसाला विचारा', आणि प्रश्न लिहिला: "आज गुरुवार आहे, पण तीन नंबरच्या लाईनवर ओव्हरटाइमची नोंद दिसते. लाईन चालू आहे का? उत्तर मिळेपर्यंत त्या लाईनचे अलार्म चालू ठेवतो."

नव्या कामगाराने पान वाचून मला असा प्रश्न विचारावा, याची मी सत्तावीस वर्षं वाट पाहिली होती. इंजिनिअर म्हणाला, "सर, वीसपैकी वीस." मी म्हणालो, मोजलंय.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, तरी मी पावणेसातला कंट्रोल रूममध्ये हजर होतो. यायची गरज नव्हती. फिटर ड्यूटीवर होता, त्याचा नंबर एजंटला दिलेला होता. मला नुसतं बघायचं होतं. स्क्रीनवरच्या एकशे त्रेसष्ट चौकटी एकेक करून राखाडी होत गेल्या, अलार्म म्यूट. एकोणपन्नास हिरव्या राहिल्या. कारखान्यात फक्त भट्ट्यांचा घुमणारा आवाज.

साडेनऊ झाले, साडेदहा झाले. मॅडमच्या नंबरवर गेलेले फोन: शून्य. कूलिंग टॉवरचा पंप बंद झाला, एजंटने नोंद केली, 'ठरलेली सफाई, दोन तास', आणि गप्प बसला. मी फिटरला बोलावून ते दाखवलं. त्याने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "ह्याला म्या सांगितलं व्हतं." त्याच्या बोलण्यात असा काही तोरा होता की जणू भाच्याला नोकरीला लावलंय.

अकरा चाळीसला दोन नंबरच्या भट्टीचा आकडा हलला. सहाशे ऐंशीचा सहाशे पंच्याहत्तर झाला. मग एकाहत्तर. हा प्रसंग नव्हता, खरी भट्टी होती. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मी फोन केला असता तर चाचणीच राहिली नसती. सहाशे सहासष्ट. सहाशे त्रेसष्ट. धातू गोठायला अजून बराच वेळ होता, हे मला आकड्यांनी ठाऊक होतं, तरी मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. सहाशे एकोणसाठ.

भट्टीकडून फिटरच्या मोबाइलची रिंग ऐकू आली. मी घड्याळ बघत होतो. मर्यादा ओलांडल्यापासून सव्वीस सेकंद.

तो फोनशी माणसासारखंच बोलत होता. "व्हय, व्हय, उभाच हाय तिथं. बघतो." भट्टी तापवणाऱ्या कॉइलचा एक कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, ट्रिप झाला होता. त्याने तो बदलला. सव्वाबाराला आकडा परत चढायला लागला.

दुपारी एक वाजता मॅडमचा फोन आला. जेवणाची सुट्टी झाली असावी, मागे बाकड्यांचा आवाज होता.

"सर, तुम्ही कारखान्यात आलाव का? माझा फोन बिघडलाय का बघा की. सकाळपासून वाजलाच नाही."

मी त्यांना सांगितलं की फोन ठीक आहे.

"मग एकदा लावून बघा ना."

मी ठेवून पुन्हा लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. भट्टीबद्दल मी काही बोललो नाही. सांगितलं असतं तर त्या दुपारची हजेरी सोडून निघाल्या असत्या, एवढं मी त्यांना ओळखत होतो. नुसतं म्हणालो, वर्गात जाऊन बसा, इथे मी आहे. खोटं काही बोललो नाही, पण पोटात दडवून ठेवल्याचं ओझं चार तास बाळगलं.

पाच वाजता त्यांनी आपणहून फोन केला. दोन्ही हजेऱ्या लागल्या होत्या. तेव्हा मी त्यांना दोन नंबरच्या भट्टीचं सगळं सांगितलं, मिनिटं आणि अंशांसकट. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती वेळात गेला फोन फिटरला?"

"सव्वीस सेकंदात."

"मला गेला असता तर," त्या मनाशी हिशेब करत म्हणाल्या, "मी वर्गातून बाहेर येऊन, लॉगिन करून, त्यांना लावून, सहा मिनिटं तरी. जाऊ द्या की मग तो फोन माझ्याकडून."

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी नोंद वाचली आणि गुरुवारचा फोन मॅडमकडून काढला. उरलेले सात गुरुवार त्या ताथवड्याला होत्या. एकात पोटात दुखत होतं तरी गेल्या. एकूण पंधरा झाले, एकही जास्त नाही. या सात गुरुवारांत मी माझ्या पानांमध्ये नऊ दुरुस्त्या केल्या, त्यांतल्या चार मॅडमनी शुक्रवारी येऊन सुचवल्या. जुन्या तीनशे अठरा पानांचंही काम मी हाती घेतलं आहे. 'गरजेनुसार' जिथे जिथे आहे तिथे जाऊन त्या मशीनवरच्या माणसाला विचारतो की गरज म्हणजे नक्की केव्हा. लोक आधी हसतात, मग सांगतात. एकेकजण वीसवीस मिनिटं सांगतो.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं त्या दिवशी मॅडमनी ते कंट्रोल रूममध्ये आणलं. फिटरने ते हातात घेऊन फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"आता मॅडम इंजिनिअर झाल्या की आमाला वळखणार न्हाईत."

"अगोदर पास तर होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "आन् हे बघा, पहिला पेपर गुरुवारीच हाय. तीन तास. फोन बाहेर जमा करायला लावतेत."

त्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, प्रवेशपत्र नीट घडी करून पाकिटात ठेवत होत्या. काळजीने विचारलेला प्रश्न त्यात नव्हता. मी तरी लॅपटॉपवर पानं उघडली आणि अकराही पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्या गुरुवारसाठी त्यांत काहीच वाढवायला लागणार नव्हतं.